क्यूबाचा स्वातंत्र्यलढा आणि वंशाचा प्रश्न : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्यूबाचा स्वातंत्र्यलढा नेमका कोणत्या काळातला?

स्पेनच्या सत्तेविरुद्ध क्यूबात तीन युद्धे झाली. पहिले दहा वर्षांचे, १८६८ ते १८७८. दुसरे ‘छोटे युद्ध’ म्हणून ओळखले जाणारे, १८७९ ते १८८० चे. आणि तिसरे १८९५ ते १८९८ चे. पहिल्या युद्धाची ठिणगी पडली तेव्हा या बेटावर लाखो माणसे कायद्याने दुसऱ्यांच्या मालकीची होती आणि तिसरे सुरू झाले तेव्हा गुलामगिरी संपून आठ वर्षे लोटली होती. त्यामुळे देशाचे स्वातंत्र्य आणि माणसाची दास्यातून सुटका हे दोन विषय इथे वेगळे काढताच येत नाहीत. तरीही लढ्याच्या पुढाऱ्यांपैकी अनेकांनी ते वेगळे काढण्याचा प्रयत्न केला, आणि तो प्रयत्न कसा फसला हाच या इतिहासाचा सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे असे मला वाटते.

या लेखनात ‘वर्ण’ न म्हणता ‘वंश’ आणि ‘रंग’ का म्हटले आहे?

मराठीत ‘वर्ण’ म्हटले की चातुर्वर्ण्य आठवते आणि वाचक नकळत वेगळ्याच वाटेने जातो. क्यूबात त्या काळी ‘रंगाचे लोक’ असा शब्दप्रयोग रूढ होता आणि त्यात कृष्णवर्णीय व मिश्रवंशीय अशा दोघांचाही समावेश होई. गुलाम आणि रंगाचा माणूस हे समानार्थी शब्द नव्हते, हेही ध्यानात ठेवावे, कारण स्वतंत्र कृष्णवर्णीयांचा तिथे मोठा वर्ग होता.

अमेरिका खंडातल्या स्पेनच्या बहुतेक वसाहती १८२० च्या दशकापर्यंत मोकळ्या झाल्या. मग क्यूबा मागे का राहिला?

साखर आणि भीती ही त्याची दोन कारणे. शेजारच्या सें-दोमिंग या फ्रेंच वसाहतीत १७९१ साली गुलामांनी उठाव केला आणि १८०४ मध्ये हैती हे स्वतंत्र राष्ट्र जन्माला आले. तिथला साखरधंदा कोसळला आणि ती बाजारपेठ क्यूबाच्या मळेवाल्यांनी काबीज केली. गाळपाच्या हंगामात कारखाने रात्रंदिवस चालत आणि त्यांना सतत नवे मजूर लागत. ब्रिटनशी १८१७ साली झालेल्या करारानुसार १८२० पासून आफ्रिकेतून माणसे आणणे बेकायदा ठरले होते, तरी चोरटा व्यापार १८६० च्या दशकापर्यंत उघड्या डोळ्यांनी चालू दिला गेला. १८४१ च्या जनगणनेत बेटाची लोकसंख्या सुमारे १० लाख भरली. तिच्यात ४ लाख ३६ हजारांहून अधिक गुलाम आणि दीड लाखाहून अधिक स्वतंत्र रंगाचे लोक होते. गोऱ्यांची संख्या ४ लाख १८ हजारांच्या आसपास, म्हणजे एकट्या गुलामांहूनही कमी होती.

हे आकडे मळेवाल्यांना झोप लागू देत नसत. ‘क्यूबा एक तर स्पॅनिश राहील, नाही तर आफ्रिकी होईल’ हे वाक्य माद्रिदचे सरकार आणि त्याचे पाठीराखे पुन्हा पुन्हा उच्चारत, आणि श्रीमंत क्यूबन गोरे ते ऐकून गप्प बसत. ज्यांना स्पेन नकोसा झाला होता त्यांच्यातल्या अनेकांनी स्वतंत्र प्रजासत्ताकाऐवजी अमेरिकेच्या गुलामगिरीवादी दक्षिणेशी जोडून घेण्याचा पर्याय पुढे केला. आज क्यूबाचा राष्ट्रध्वज म्हणून जो एकतारकांकित झेंडा फडकतो, तो बेटावर पहिल्यांदा उभारला गेला १८५० साली कार्देनास इथे, अमेरिकेतून चालून आलेल्या नार्सिसो लोपेस याच्या स्वारीत, आणि त्या स्वारीमागे गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्यांचा पैसा व पाठिंबा होता. मुक्ततेचे चिन्ह झालेला झेंडा दास्य राखण्यासाठी शिवला गेला होता, ही गोष्ट क्यूबाचा इतिहास वाचताना मनातून जात नाही.

गुलाम आणि स्वतंत्र कृष्णवर्णीय यांची स्वातंत्र्याची कल्पना काय होती? की ती त्यांना गोऱ्या क्रांतिकारकांनी शिकवली?

शिकवण्याचा प्रश्नच नव्हता. १८१२ साली होसे आंतोनियो आपोन्ते या हवानातल्या स्वतंत्र कृष्णवर्णीय सुताराला उठावाचा कट रचल्याबद्दल फाशी दिले गेले. त्याच्या घरात चित्रांचे एक पुस्तक सापडले होते. त्यात त्याने कृष्णवर्णीय राजे, सैनिक आणि हवाना शहर रेखाटले होते, आणि चौकशी करणाऱ्यांनी त्या प्रत्येक पानाचा अर्थ त्याला विचारला. पुस्तक पुढे हरवले, पण जबानी उरली आहे. १८६८ चा उठाव पुकारणाऱ्या सेस्पेदेस यांच्या घोषणेआधी छप्पन्न वर्षे एका सुताराने इतिहासातले आपल्या लोकांचे स्थान स्वतः चितारून ठेवले होते.

नोव्हेंबर १८४३ मध्ये मातान्सास प्रांतातल्या त्रिउनविरातो मळ्यावर उठाव झाला. कार्लोता नावाची गुलाम स्त्री त्याच्या पुढाऱ्यांपैकी एक होती. त्यानंतर १८४४ मध्ये कटाच्या संशयावरून जो दडपशाहीचा वरवंटा फिरला, त्याला ‘शिडी’ हे नाव पडले, कारण संशयितांना शिडीला बांधून फटके मारत. प्लासिदो या टोपणनावाने कविता लिहिणाऱ्या मिश्रवंशीय कवीला त्याच वर्षी २८ जूनला गोळ्या घालण्यात आल्या.

याशिवाय एक शांत, चिवट मार्गही होता. स्पॅनिश कायद्याप्रमाणे गुलामाला आपली किंमत ठरवून घेऊन ती हप्त्याहप्त्याने फेडता येई आणि मालक अडवू लागला तर सरकारी अधिकाऱ्याकडे दाद मागता येई. भाजी विकून, धुणी धुऊन, शिवणकाम करून आयांनी पोटच्या मुलांना विकत घेऊन सोडवले. स्वातंत्र्य म्हणजे काय, हे या बायकांना कोणत्याही जाहीरनाम्याहून नेमके ठाऊक होते.

सेस्पेदेस यांनी १० ऑक्टोबर १८६८ रोजी गुलामगिरी रद्द केली, हे खरे आहे का?

असे सर्रास लिहिले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. कार्लोस मान्युएल दे सेस्पेदेस हे पूर्व क्यूबातले वकील आणि मळेवाले. मान्सानियो गावाजवळच्या ला देमाहाग्वा या आपल्या साखर कारखान्यावर त्यांनी त्या दिवशी स्वातंत्र्याची घोषणा केली, स्वतःच्या गुलामांना मोकळे केले आणि त्यांना लढ्यात सामील होण्याचे आवाहन केले. हे पाऊल मोठेच होते. परंतु त्याच दिवशीच्या जाहीरनाम्यात गुलामगिरीबद्दल जे म्हटले होते ते फार जपून होते : ती टप्प्याटप्प्याने संपावी आणि मालकांना भरपाई मिळावी. नोव्हेंबरमध्ये तर मळ्यांत शिरून गुलामांना चिथावणाऱ्यांना देहान्ताची शिक्षा फर्मावण्यात आली. २७ डिसेंबरच्या हुकूमनाम्यात ‘स्वतंत्र क्यूबा आणि गुलाम राखणारा क्यूबा एकत्र नांदू शकत नाहीत’ असे शब्द आहेत, पण त्याच हुकूमनाम्याप्रमाणे बंडाला अनुकूल असलेल्या मालकांचे गुलाम त्या मालकांनी आपण होऊन आणले तरच मुक्त मानले जाणार होते.

याचे कारण उघड होते. सेस्पेदेस यांना पश्चिमेकडच्या बड्या साखरसम्राटांचा पैसा आणि पाठिंबा हवा होता आणि त्यांची मालमत्ता म्हणजेच गुलाम. तो पाठिंबा कधी मिळाला नाही. दरम्यान गुलामांनी हुकूमनाम्यातली कलमे वाचण्याची वाट पाहिली नाही. कोणी बंडखोर तुकडी येताच कोयता घेऊन तिच्यात सामील झाले, कोणी रानात पळाले, कोणी परत जाऊन नातेवाइकांना घेऊन आले. कामाग्वेयच्या बंडखोरांनी फेब्रुवारी १८६९ मध्ये आपल्या भागात गुलामगिरी रद्द केली आणि १० एप्रिल १८६९ रोजी ग्वाइमारो इथे मंजूर झालेल्या राज्यघटनेच्या २४ व्या कलमात ‘प्रजासत्ताकाचे सर्व रहिवासी पूर्णपणे स्वतंत्र आहेत’ असे नमूद झाले.

तेवढ्यावरही प्रश्न मिटला नाही. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ‘लिबेर्तो’, म्हणजे मुक्त झालेल्या लोकांसाठी, नियमावली आली. तिच्याप्रमाणे त्यांना पूर्वीच्या मालकाकडे किंवा नेमून दिलेल्या दुसऱ्या कोणाकडे कामाला राहणे भाग होते. नाव बदलले होते, राबणे तेच होते. १८७० च्या नाताळच्या दिवशी सेस्पेदेस यांनीच ही नियमावली रद्द केली. सुमारे दोन वर्षांत ते जिथून जिथवर आले, ते अंतर त्यांना बंडात शिरलेल्या गुलामांनी चालायला लावले, असे मी मानतो. सेस्पेदेस यांचा मोठेपणा नाकारण्याचे कारण नाही, पण श्रेयाची वाटणी सरळ असावी.

याला स्पेनचे उत्तर काय होते?

४ जुलै १८७० चा मोरेत कायदा. सप्टेंबर १८६८ नंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेली मुले आणि साठी उलटलेले वृद्ध त्याने मोकळे केले, तसेच स्पेनच्या बाजूने लढलेल्या गुलामांनाही. कामाच्या वयाचे हात मात्र मळ्यातच राहिले.

आंतोनियो मासेओ कोण होते आणि त्यांच्यावर कसला आरोप होता?

मासेओ यांचा जन्म १८४५ सालचा, सांतियागो दे क्यूबाचा. आईवडील दोघेही स्वतंत्र, मिश्रवंशीय आणि शेतीवाडी असलेले. उठावाची बातमी आल्यावर काही दिवसांतच ते साधे सैनिक म्हणून दाखल झाले आणि केवळ कर्तबगारीवर मेजर जनरल या पदापर्यंत चढले. त्यांची आई मारियाना ग्राहालेस यांनी जवळजवळ सारे मुलगे या युद्धाला दिले आणि रानातल्या इस्पितळात जखमींची सेवा केली. १८९३ साली जमैकात, परागंदा अवस्थेत, त्या वारल्या.

मासेओ यांची कीर्ती जशी वाढली तशी कुजबुजही वाढली : हा माणूस गोऱ्यांपेक्षा काळ्या अधिकाऱ्यांना जवळ करतो, याला हैतीसारखे काळे प्रजासत्ताक हवे आहे. स्पॅनिश वर्तमानपत्रांनी असे म्हणणे समजण्यासारखे होते, परंतु ही अफवा बंडखोरांच्या छावणीतही फिरत होती आणि काही गोऱ्या अधिकाऱ्यांनी तिला खतपाणी घातले. १६ मे १८७६ रोजी मासेओ यांनी बंडखोर सरकारच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. आपण रंगाच्या लोकांपैकी आहोत आणि त्यामुळे स्वतःला कोणाहूनही कमी समजत नाही, असे त्यांनी त्यात स्वच्छ सांगितले आणि आरोप करणाऱ्यांवर कारवाईची मागणी केली. ज्या प्रजासत्ताकाचा पाया स्वातंत्र्य, समता आणि बंधुता आहे असे आपण म्हणतो, तिथे ही निंदा खपवून कशी घेतली जाते, असा त्या पत्राचा रोख आहे. स्वतःसाठी सवलत न मागता आपल्याच पक्षाला त्याच्या शब्दाला जागायला लावणारी अशी पत्रे स्वातंत्र्यलढ्यांच्या इतिहासात फार थोडी असतील.

सान्होनचा करार आणि बाराग्वाचा निषेध यांचा गुलामगिरीशी काय संबंध?

१० फेब्रुवारी १८७८ रोजी थकलेल्या बंडखोर नेत्यांनी सान्होन इथे स्पेनशी तह केला. त्यात स्वातंत्र्य नव्हते. गुलामगिरीबद्दल एवढेच होते की बंडखोरांच्या फौजेत त्या वेळी असलेले गुलाम आणि चिनी कंत्राटी मजूर मोकळे मानले जातील. याचा अर्थ असा, की जो मळ्यात इमाने राबत राहिला तो गुलाम आणि ज्याने स्पेनविरुद्ध शस्त्र धरले तो मुक्त. १५ मार्चला बाराग्वा इथे मासेओ यांनी स्पॅनिश सेनापती मार्तिनेस काम्पोस यांना समोरासमोर सांगितले की स्वातंत्र्य आणि गुलामांची संपूर्ण मुक्तता यांवाचून हा तह आम्हाला मान्य नाही. लढाई त्यानंतर फार टिकली नाही आणि मासेओ यांना देश सोडावा लागला.

तहातली ही विसंगती मात्र गुलामांच्या ताबडतोब ध्यानात आली. पूर्वेकडच्या मळ्यांवरच्या गुलामांनी काम थंडावले आणि ‘करारातल्या लोकांसारखे आम्हीही मोकळे’ अशी मागणी लावून धरली. त्यातच १८७९ चे छोटे युद्ध पेटले आणि स्पेनने १३ फेब्रुवारी १८८० रोजी गुलामगिरीच्या जागी ‘पात्रोनातो’ नावाची आठ वर्षांची पालकत्वाची व्यवस्था आणली. तीही मुदतीआधी, ७ ऑक्टोबर १८८६ रोजी संपवावी लागली, कारण तोपर्यंत हजारोंनी स्वतःची किंमत फेडून, मालकांवर फिर्यादी गुदरून किंवा सरळ निघून जाऊन ती आतून पोखरली होती.

चिनी मजुरांचा या लढ्यात सहभाग होता का?

होता, आणि तो फार कमी सांगितला जातो. १८४७ ते १८७४ या काळात सव्वा लाखाच्या आसपास चिनी पुरुष आठ-आठ वर्षांच्या कंत्राटावर क्यूबात आणले गेले. व्यवहारात त्यांची स्थिती गुलामांपेक्षा फारशी वेगळी नव्हती. त्यांच्यातले पुष्कळ जण बंडात उतरले. हवानातल्या त्यांच्या स्मारकावर कोरले आहे, की एकही क्यूबन चिनी पळपुटा निघाला नाही, एकही फितूर झाला नाही.

होसे मार्ती ‘वंश नसतातच’ असे म्हणत. त्याचा अर्थ काय?

मार्ती हे लेखक आणि १८९५ च्या उठावाचे मुख्य संघटक. त्यांचा जन्म १८५३ चा, स्पॅनिश आईवडिलांच्या पोटी. सोळाव्या-सतराव्या वर्षी राजद्रोहासाठी त्यांनी दगडाच्या खाणीत सक्तमजुरी भोगली आणि पुढचे बहुतेक आयुष्य देशाबाहेर काढले. सान्होननंतरच्या हताश वर्षांत स्पेनचे सर्वांत धारदार शस्त्र एकच होते, ते म्हणजे बंड झाले की वंशयुद्ध होईल ही भीती. तिच्या मुळावरच घाव घातल्यावाचून गोरे आणि काळे एका छावणीत येणार नाहीत, हे त्यांनी ओळखले. १८९१ च्या एका निबंधात त्यांनी लिहिले, की वंशद्वेष नाही, कारण वंशच नाहीत. १८९३ साली आपल्या ‘पात्रिया’ या वर्तमानपत्रात त्यांनी म्हटले, की माणूस हा गोऱ्याहून मोठा, मिश्रवंशीयाहून मोठा, काळ्याहून मोठा आहे, आणि क्यूबन हाही तसाच या तिन्हींहून मोठा आहे.

युरोप-अमेरिकेतले विद्वान कवट्या मोजून माणसांची प्रतवारी लावत होते त्या दशकात हे लिहिणे धाडसाचे होते. त्यांच्या भूमिकेनुसार गोऱ्या आणि काळ्या सैनिकांचे रक्त रणांगणावर एकत्र सांडले तेव्हाच वंशभेद मिटला होता. इथे एक अडचण दडलेली होती. भेद जर मिटलाच असेल, तर उद्या कोणी उठून ‘मला रंगामुळे नोकरी नाकारली’ असे म्हटले तर तो खोटारडा ठरणार, किंवा एकी मोडणारा. मार्ती यांचा हा हेतू नव्हता. न्यू यॉर्कमध्ये राफाएल सेर्रा यांच्याबरोबर कृष्णवर्णीय कामगारांसाठी रात्रीचे वर्ग चालवणाऱ्या माणसाचा तो असूही शकत नव्हता. पण शब्द लिहिणाऱ्याच्या मागे उरतात आणि दुसऱ्यांच्या हाती पडतात.

कृष्णवर्णीय विचारवंतांनाही हीच भूमिका मान्य होती का?

ध्येय मान्य होते, मार्ग सर्वांना नव्हता. हुआन ग्वालबेर्तो गोमेस यांचा जन्म १८५४ चा, मातान्सासमधल्या साखरमळ्यावरचा. गुलाम आईवडिलांनी तो पोटात असतानाच त्याचे स्वातंत्र्य विकत घेतले होते. पॅरिसमध्ये शिकून ते पत्रकार झाले, मार्ती यांचे जवळचे मित्र झाले, आणि रंगाच्या लोकांच्या संस्थांची मध्यवर्ती संघटना त्यांनी उभी केली. शाळा, नाट्यगृहे, उपाहारगृहे आणि रस्ते सर्वांना सारखे खुले असावेत यासाठी तिने अर्ज आणि खटले यांचा धडाका लावला. रंगावरून संघटना कशाला, असे विचारणाऱ्यांना त्यांचे उत्तर असे, की रंगावरून दार बंद होते तोवर रंगावरूनच एकत्र यावे लागेल. १८९५ च्या उठावाचा आदेश मार्ती यांनी त्यांच्याच नावे धाडला. तो सिगारमध्ये गुंडाळून आणला गेला, असे सांगितले जाते.

अखेरच्या युद्धात वंशभेद खरोखर मिटला होता का?

फौजेत तो जितका मिटला तितका त्या काळी दुसरीकडे क्वचितच मिटला असेल. सैनिकांत कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय बहुसंख्य होते आणि गोरे शिपाई काळ्या अधिकाऱ्यांचे हुकूम पाळत होते. ऑक्टोबर १८९५ मध्ये बाराग्वाहून निघालेली मासेओ यांची फौज जानेवारी १८९६ मध्ये बेटाच्या पश्चिम टोकाला मान्तुआ इथे पोहोचली. त्याच वर्षी ७ डिसेंबरला हवानाजवळ ते धारातीर्थी पडले. मार्ती त्याआधीच, १९ मे १८९५ रोजी, गेले होते. या दोघांच्या मृत्यूनंतर आणि विजय दृष्टिपथात आल्यावर वारे फिरले : शिकलेले, शहरी, बहुतेक गोरे तरुण उशिरा येऊन वरच्या हुद्द्यांवर बसू लागले, आणि तिन्ही युद्धांत लढलेले कृष्णवर्णीय सेनानी किन्तीन बांदेरा यांची १८९७ मध्ये लष्करी चौकशी होऊन त्यांचे पद काढून घेतले गेले. राज्य कोणी करावे याचे उत्तर ‘सुसंस्कृत असेल त्याने’ असे दिले जाऊ लागले. रंगाचा उल्लेख न करता रंगाची निवड करण्याची ही सोय होती.

अमेरिकेच्या हस्तक्षेपाने काय बदलले?

१८९८ मध्ये अमेरिका युद्धात उतरली, सांतियागो पडले आणि क्यूबन सैन्याला त्या शहरात शिरू दिले गेले नाही. स्पेन आणि अमेरिका यांच्यात झालेल्या पॅरिसच्या तहाच्या टेबलाशी एकही क्यूबन नव्हता. १८९९ ते १९०२ अमेरिकी लष्कराने कारभार केला. १९०० च्या निवडणुकीत साक्षर, मालमत्ताधारक किंवा मुक्तिसेनेत लढलेल्या पुरुषांनाच मत होते. १९०१ च्या घटनेने सर्व पुरुषांना मत दिले, पण अमेरिकेला हस्तक्षेपाचा अधिकार देणारी प्लॅट दुरुस्तीही सोबत लादली गेली. हुआन ग्वालबेर्तो गोमेस तिच्याविरुद्ध अखेरपर्यंत बोलले.

मासेओ यांच्या कवटीचे प्रकरण काय आहे?

१८९९ साली त्यांचे अवशेष उकरून काढले गेले आणि तीन विद्वानांच्या समितीने हाडे मोजली. त्यांचा निष्कर्ष असा, की सांगाड्याचा बांधा कृष्णवर्णीयांसारखा असला तरी कवटी गोऱ्यांच्या जवळ जाणारी आहे. त्यांना मासेओ यांचा गौरवच करायचा होता. ज्याने आपल्या रंगामुळे कमीपणा मानायला हयातभर नकार दिला, त्याचे मोठेपण मेल्यानंतर गोरेपणाच्या खात्यात जमा झाले. ‘वंश नाहीत’ म्हणणाऱ्या नव्या राष्ट्राने आपल्या वीराला दिलेली ही पहिली सलामी वाचताना मन विषण्ण होते.

या विषयाचा महाराष्ट्राशी काही धागा जुळतो का?

एक नक्की जुळतो. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या नीग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. ते पुस्तक पुण्यात छापले जात होते तेव्हा क्यूबात गुलामगिरी कायद्याने चालू होती आणि तिच्याविरुद्ध लढणारे पूर्वेकडच्या ओरिएन्ते प्रांताच्या डोंगरांत होते. देश मोकळा झाल्यावर त्यातली माणसे आपोआप मोकळी होतात का, हा जोतीरावांचा प्रश्न आणि मासेओ यांचा प्रश्न यांत मला अंतर दिसत नाही.

१९१२ साली काय घडले?

स्वातंत्र्यानंतर सरकारी नोकऱ्या आणि हुद्दे यांत मुक्तिसेनेतल्या काळ्या सैनिकांना वाटा मिळाला नाही. १९०८ मध्ये त्यांच्यापैकी एव्हारिस्तो एस्तेनोस आणि पेद्रो इव्होनेत यांनी ‘रंगाच्या लोकांचा स्वतंत्र पक्ष’ काढला. आठ तासांचा दिवस, मोफत शिक्षण, भूमिहीनांना जमीन, फाशीच्या शिक्षेचे उच्चाटन आणि नेमणुकांत समान संधी या त्याच्या मागण्या होत्या. १९१० मध्ये एकाच वंशाच्या लोकांचा पक्ष काढण्यावर बंदी घालणारा कायदा झाला. तो मांडणारे मार्तिन मोरुआ देल्गादो स्वतः रंगाच्या लोकांपैकीच होते आणि वंशावर आधारलेला पक्ष मार्तींच्या राष्ट्राला शोभत नाही, असे त्यांचे प्रामाणिक मत होते. बंदी उठावी म्हणून पक्षाने २० मे १९१२ रोजी, प्रजासत्ताकाच्या दहाव्या वाढदिवशी, सशस्त्र निदर्शने सुरू केली. वर्तमानपत्रांनी ‘वंशयुद्ध’ अशी हाकाटी केली; स्पेनने वर्षानुवर्षे वापरलेला तोच शब्द. राष्ट्राध्यक्ष होसे मिगेल गोमेस यांनी फौज पाठवली. ओरिएन्ते प्रांतात मारल्या गेलेल्यांचे अंदाज दोन हजारांपासून सहा हजारांपर्यंत जातात. त्यांच्यातल्या अनेकांचा पक्षाशी काही संबंध नव्हता. ते शेतकरी होते आणि त्यांचा रंग काळा होता. एस्तेनोस जूनमध्ये आणि इव्होनेत जुलैमध्ये मारले गेले. दोघेही १८९५ च्या युद्धात क्यूबासाठी लढले होते. फौज पाठवणारे गोमेस त्याच मुक्तिसेनेतले सेनानी होते, आणि त्यांचे संगमरवरी स्मारक आजही हवानाच्या रुंद हमरस्त्यावर उभे आहे.